हद

पहिल्याच सकाळी दाताळ्याचे मधले दोन दात वाकले. मी दांड्यावरचे हात काढले तरी ते जमिनीत तिरकं रुतून तसंच उभं राहिलं. पंधरा दिवस वाट बघून ऑनलाइन मागवलेलं दाताळं होतं ते. हिरवा रंग, गुळगुळीत दांडा, पाय ठेवून दाबायला वरती कड. फोटोत होतं तसंच. फोटोत दिसली नव्हती ती एकच गोष्ट: दात ठोकून घडवलेले नव्हते, पत्र्यातून कापून वळवलेले होते. आणि खाली आमची, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती होती.

सासऱ्यांच्या मागं हे घर आठ वर्षं बंद होतं. बेळगावच्या टिळकवाडीतला फ्लॅट सोडून आम्ही दोघं इथं राहायला आलो, तेव्हा घरामागचं पाच गुंठ्यांचं परडं घाणेरी आणि रानमोडीनं गच्च भरलेलं होतं. एक सोनचाफा, दोन नारळ, विहिरीच्या कडेला अळू, एवढंच काय ते जुन्यातलं उरलेलं. माझ्या डोक्यात मात्र चित्र तयार होतं. इंग्लंडमधल्या कॉटेज गार्डनचे फोटो मी बरीच वर्षं बघत आले होते. भाजीच्या वाफ्याला चिकटून गुलाब, गुलाबाच्या पायाशी औषधी झुडपं, कुंपणावर वेल, आणि कुठंच उघडी माती दिसत नाही अशी दाटी. ही बाग मुळात तिथल्या मजुरांची. घराभोवतीच्या तुकड्यात आधी पोटाला लागणारं लावायचं आणि फुलांनी उरलेल्या जागेत बसायचं. तिचं कौतुक पुढं एकोणिसाव्या शतकात झालं, गर्ट्रूड जेकिल यांच्यासारख्या बागकारांनी ती रीत उचलली आणि मोठ्या घरांच्या बागांत नेली.

बेळगावजवळच्या येळ्ळूरला माझ्या आज्जीच्या परड्यात हळदीच्या ओळीत अबोली असायची, घेवड्याच्या मांडवाखाली आलं असायचं आणि न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि कर्दळ. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं इतकंच. त्यामुळे बागेची कल्पना मला परकी वाटलीच नाही. परकी निघाली ती हत्यारं.

त्याचं कारण मला वाकलेल्या दातांकडे बघत बसल्यावर उमगलं. इंग्लंडातल्या हत्यारांचं गणित बुटावर बसलेलं आहे. माणूस उभा, जाड तळव्याचा बूट फावड्याच्या किंवा दाताळ्याच्या कडेवर, आणि अंगाचं सगळं वजन टाचेवरून खाली. जेकिल यांच्या बागकामाच्या झिजलेल्या बुटांचं तर विल्यम निकोलसन या चित्रकारानं १९२० साली चित्रच काढून ठेवलंय. ते बूट बघितले की कळतं, त्या बाईंनी जमीन पायानं ओळखली होती. आपण जमीन ओळखतो हातानं आणि उकिडवं बसून. आपली कुदळ खांद्यावरून खाली येते, खोरं आपण स्वतःकडे ओढतो, खुरपं डाव्या हातानं तण धरून उजव्या हातानं चालवतो, आणि हे सगळं अनवाणी. पायाखाली हत्यार दाबायचं म्हटलं तर चप्पल सटकते. बूट घालून बघितले. जूनच्या चिखलात एकेका बुटाला शेर-दोन शेर माती चिकटली.

म्हणून मी आईचं खुरपं काढलं.

ते तिनं मला लग्नात दिलं नव्हतं की काही नाही. फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी मी तिच्याकडून मागून आणलं होतं. रुंद पात्याचं, पुढं गोल झालेलं, मूठ बाभळीची. येळ्ळूर शिवारातली माती काळी, भाताची, बासमतीच्या वासाची. ओली असताना ती पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीत रुंद पातं मुळाखालून सरळ सरकतं आणि हरळी अख्खी उचलून येते. आमच्या इथं ते खडीवर खणखण वाजलं. वरची वीतभर तांबडी माती, तिच्यात जांभ्याचे खडे, खाली जांभाच. दुसऱ्या दिवशी पात्याच्या टोकाला घडी पडली.

आई चार दिवस राहायला आली होती. तिनं ते खुरपं हातात घेतलं, अंगठ्यानं धार बघितली, मग वाकून माती चिमटीत घेतली.

"ही काय आपल्या येळ्ळूरची माती न्हवं गं," ती म्हणाली. "हिला टोकाचं खुरपं लागतंय. माझं हितं कशाला आणलीस?"

मला थोडं लागलं ते बोलणं. आईचं हत्यार आपल्या हातात शोभावं असं मला वाटत होतं. ती मात्र त्याच्याकडे वस्तू म्हणून बघत होती, आणि वस्तू चुकीच्या जागी आली होती.

एकाच जिल्ह्यात हे असं होतं हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. आमच्या पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. तिथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. बेळगाव शहरात त्याच्या निम्म्याहून कमी. आणि पूर्वेला अथणीकडे जावं तर ६०० च्या आतबाहेर. पाऊस बदलतो तशी माती बदलते, माती बदलते तसं पातं बदलायला हवं. दुकानात मात्र सगळीकडे एकाच साच्याची खुरपी टांगलेली असतात.

आईच मला लोहाराकडे घेऊन गेली. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, भात्याऐवजी आता विजेचा पंखा, बाकी सगळं जुनंच. लोहारमामा घरी कन्नड बोलणारे, माझ्याशी मराठी, हातोडा चालू असताना जे तोंडात येईल ते. मला ते अक्का म्हणतात. माझे यजमान उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं होते, तेही सोबत आले होते. लोखंड म्हटलं की त्यांना घरी बसवत नाही. मामांनी भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा काढला तेव्हा यांनी मान डोलावली. यांनीच मला नंतर फरक सांगितला. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात कार्बन दोन टक्क्यांच्या वर असतो. ते दाब सोसतं, धक्का बसला की तडकतं. कमानपाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ते वाकून परत सरळ होण्यासाठीच बनवलेलं, तापवून ठोकता येतं आणि त्याला धार धरते. बागेतलं पातं ओतीव असू नये, ठोकीव असावं, हे मी तिथं शिकले. दुकानात ओळखायची साधी रीत म्हणजे पात्यावर हातोड्याचे पुसट ठसे दिसतात, आणि पातं मुठीकडे जाड, कडेकडे पातळ होत गेलेलं असतं. कापलेला पत्रा सगळीकडे सारखाच जाड असतो.

मामांनी तुकडा लाल केला, ठोकून बोटभर रुंदीचं, पुढं निमुळतं पातं काढलं, मग पुन्हा तापवून त्याची कड पाण्यात बुडवली. चर्रर्र आवाज झाला. मला वाटलं, झालं. त्यांनी ते विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत केलं आणि हातात धरून नुसतं बघत बसले. जाड भागात उरलेली धग हळूहळू कडेकडे यायला लागली आणि पोलादावर रंग सरकताना दिसले. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा.

"झालं का मामा?" मी विचारलं.

"हद बरबेकु अक्का. अवसर माडबारदु."

घाई करू नये, एवढं कळलं. पण मला आधी 'हद्द' ऐकू आलं. सीमाभागात वाढलेल्या माणसाचा कान त्या शब्दाला फार तयार असतो. आमच्या लहानपणी घरात, शाळेत, चौकात तो शब्द रोजचा होता. मी विचारलं, कसली हद्द? मामांनी नजर पात्यावरून काढली नाही. जांभळा रंग कडेला पोचला आणि त्यांनी पातं पुन्हा पाण्यात टाकलं. मग म्हणाले, हद्द न्हवं, हद. लोखंडाला हद येते. मातीलाबी येते. पाऊस पडून गेल्यावर पेरायजोगी होते न्हाई का, तीपण हदच.

मराठीत आपण लोखंडाला पाणी देतो आणि मातीला वाफसा येतो. कन्नडात दोन्हीला एकच शब्द आहे. जास्त नाही, कमी नाही, कामाला तयार झालेली अवस्था. इतकी वर्षं शेजारात राहून हा शब्द मला माहीत नव्हता याचं मला वाईट वाटलं, आणि तो तिथं, त्या भट्टीजवळ मिळाला याचा आनंदही झाला.

यजमानांनी घरी आल्यावर आकडे सांगितले. पिवळा रंग साधारण २३० अंशांना येतो, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० ला. विळ्याला पिवळ्यावर थांबवतात, कारण त्याला धार हवी. खुरप्याला खड्यांवर आपटायचं असतं, तिथं फार कडक पातं टवके उडून खराब होतं, म्हणून जांभळ्यापर्यंत सोडतात. मामांना हे आकडे माहीत असण्याची गरजच नव्हती. त्यांनी मला एवढंच विचारलं होतं: माती कुठली?

तेव्हापासून हत्यार घेताना मी आधी हाच प्रश्न स्वतःला विचारते. दुसरा प्रश्न अंगाचा. माझ्या गुडघ्यांनी पन्नाशीनंतर उकिडवं बसायला कुरकुर सुरू केली. आई अठ्ठ्याहत्तरची, ती तासभर बसते. मला ते जमत नाही आणि जमवायचा हट्टही मी सोडला. मामांकडून चार बोटं रुंदीचं आडवं पातं करून घेतलं आणि त्याला चिव्याचा साडेचार फुटी दांडा बसवला. चिवा म्हणजे इकडचा भरीव बांबू, हलका आणि चिवट. उभ्यानं, आपल्याकडे ओढत, मातीच्या वरच्या थरातून ते चालवायचं. तण दोन पानांचं असताना, कोरड्या उन्हात. सकाळी फिरवलं की दुपारपर्यंत उपटलेलं तण वाळून जातं. तेच तण वीतभर वाढू दिलं तर त्याला पुन्हा बसूनच काढावं लागतं, म्हणजे अर्धं काम दांड्याची लांबी करते आणि उरलेलं अर्धं वेळ गाठण्यानं होतं.

कुदळ मी हलकी घेतली, दीड किलोची. दुकानदार अडीच किलोची दाखवत होता. तिच्यानं घाव मोठा बसतो, पण दहाव्या घावाला माझा खांदा भरून येतो. दांडा धामणीचा. या लाकडाला अंगचीच लवचीकता आहे, घावाचा झटका मनगटापर्यंत येऊ देत नाही. दांडा निवडताना लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ जातायत ना, एवढं बघावं. रेषा मध्येच बाजूला सुटल्या असतील तर दांडा तिथंच मोडणार. ढिला झालेला दांडा रात्रभर पाण्यात ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मी ती मोडली. भिजून फुगलेलं लाकूड वाळलं की आधीपेक्षा जास्त ढिलं होतं. पाचर ठोकावी, आणि वर्षातून दोनदा जवसाचं तेल जिरवावं. (तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.)

हत्यारांची नावंही आमच्या परड्यात दोन भाषांतून येतात. शेजारच्या अक्का पहारीला हारी म्हणतात, फावड्याला सलकी, कुदळीला गुद्दली. बुट्टी तर आम्ही सगळेच म्हणतो, ती कुणाची हे आता कुणी विचारत नाही. बुरुडाकडची बांबूची बुट्टी प्लास्टिकच्या घमेल्यापेक्षा मला आवडते, कारण ओला पाला भरला की पाणी गळून जातं. शेण भरायचं असेल तर मात्र घमेलंच बरं.

सिकेटरवर, म्हणजे फांद्या छाटायच्या कात्रीवर, मी पैसे घालवले आणि त्याचा पस्तावा नाही. दोन प्रकार मिळतात. एकात दोन पाती कात्रीसारखी एकमेकांना घासून जातात, दुसऱ्यात एक पातं खालच्या सपाट पट्टीवर दाबतं. दुसरा प्रकार वाळक्या फांदीला चालतो. ओल्या फांदीचा मात्र चेंदा करतो आणि तिथून करप्यासारखा बुरशीचा रोग आत शिरतो. गुलाबाची छाटणी आमच्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघायचा आणि त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायचा, म्हणजे पाणी डोळ्यावर न थांबता मागं उतरतं. एका झुडपावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसते. मिरचीवरचा आणि टोमॅटोवरचा बोकड्या, मोझॅक असले रोग बघितल्यापासून ही सवय लागली. सगळेच रोग हत्यारातून पसरत नाहीत, काही किडींमुळे पसरतात, पण जे रसातून जातात ते रोखणं माझ्या हातात आहे.

पाण्याच्या बाबतीत खानापूरनं मला जे शिकवलं ते कुठल्याही झारीपेक्षा मोठं आहे. खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, इथल्या मातीची भांडी आणि कौलं लांबवर जातात. आमची तांबडी जमीन पाणी धरत नाही. मार्चमध्ये सकाळी झारीनं घातलेलं पाणी दुपारी कुठं गेलं कळत नाही. म्हणून बाजारातून पाच लिटरची मडकी आणली, झिलई नसलेली, रंग न दिलेली. रात्री भरून ठेवून सकाळी हात लावून बघितलं. ज्यांना बाहेरून घाम सुटला होता ती ठेवली, कोरडी राहिली ती परत घरात वापरायला घेतली. मडकं गळ्यापर्यंत जमिनीत गाडायचं, तोंडावर झाकणी, आणि भोवती वीतभर अंतरावर काकडीचे, दोडक्याचे वेल. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की ओढत नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी शेतीवर लिहिणाऱ्यांनी ही रीत नोंदवून ठेवली आहे. गाडायचं मात्र बी पेरण्याआधी. मी पहिल्या वर्षी वाढत्या वेलांच्या मध्ये खड्डे काढले आणि अर्ध्या मुळ्या तोडल्या. दोन हंगामांनंतर मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, तेव्हा नारळाच्या काथ्यानं घासून घ्यावं लागतं. भोवती उसाचं पाचट अंथरलं की उन्हाळ्यात चार दिवसांनी एकदा भरलं तरी पुरतं.

पावसाळ्यात प्रश्न उलटा. मृग, आर्द्रा ही नक्षत्रं निघून तरणा-म्हातारा, म्हणजे पुनर्वसू-पुष्याचा पाऊस लागला की परड्यात पाणी उभं राहतं. तेव्हा गादीवाफे वीतभर उंच आणि मध्ये चर, एवढं केलं तरी मिरची वाचते. करप्यासाठी मी बोर्डो मिश्रण करते: दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून तिसरीत एकदम ओतायचं. मग चकचकीत घासलेला विळा मिनिटभर त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झालं, पानं भाजतील, चुना आणखी घालायला हवा. विळा जसा गेला तसा बाहेर आला की फवारायला घ्यावं. मोरचुदाला किती चुना लागतो हे तागडी पूर्ण सांगत नाही, कारण चुना कधी ताजा असतो, कधी हवा लागलेला. ते विळाच सांगतो. पहिल्यांदा विळा स्वच्छ बाहेर आला तेव्हा मी मोठ्यानं 'हद' म्हणाले आणि यजमान हसले.

शेजारच्या अक्कांकडून मी एक म्हण शिकले. 'हित्तल गिड मद्दल्ल', परड्यातलं झाड औषध नव्हे. म्हणजे हाताशी असलेल्याची किंमत राहत नाही. त्या मला हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याकडे अडुळशाची फांदी मागायला गेले होते, आणि तो अडुळसा आमच्याच कुंपणाला, माझ्या बाजूला, वाढलेला होता.

पावसाळ्याआधी एक दिवस मी हत्यारांसाठी राखून ठेवते. कानस एकाच दिशेला, पुढं ढकलत चालवायची, मागं ओढायची नाही. ओढली की कानसच बोथट होते. खुरप्याला एकाच बाजूनं धार. मग पुसून, तेलाचा हात फिरवून पडवीत टांगून ठेवायची. इथल्या जुलैत भिंतीलाही ओल येते, जमिनीवर ठेवलेलं पातं आठ दिवसांत गंजतं. आईचं रुंद खुरपंही मी घासून, टोक सरळ करून घेतलं आणि येळ्ळूरला परत नेऊन दिलं. तिनं ते हातात घेतलं आणि लगेच केळीच्या बुडाशी बसली.

यंदा मेच्या मध्याला संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. गारा, वारा, तासभर धो धो. आईच्या मातीत अशा पावसानंतर तीन-चार दिवस पाय घालता येत नाही. आमची माती लवकर सोडते. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, आणि तिसऱ्या सकाळी मी परड्यात जाऊन मूठभर माती दाबली. गोळा झाला. अंगठ्यानं हलकं टोकरलं तर फुटला, हाताला चिखल लागला नाही. एरवी दगडासारख्या लागणाऱ्या त्याच जागेत कुदळ आवाज न करता आत गेली.

कुंपणापलीकडून अक्का बघत होत्या.

"हद बंतेनु?" त्यांनी विचारलं.

"बंतु," मी म्हणाले. त्यांचं खुरपं मामांकडे धारेला दिलेलं होतं. मी माझं टोकाचं खुरपं कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः कुदळीकडे वळले.